उसनी हाक

सुचिता : येसाजीचा मोरू, मोरूचा धर्मा आणि धर्माचा गणराज. तीन पिढ्या, आणि चौथा तू स्वतः. म्हण बघू आता.

गणराज : येसाजी. येसाजीचा... थांब. येसाजीचा...

ठमाबाई : सुचिता, तू सांगू नकोस. त्याचं त्याला येऊ दे.

सुचिता : आजी, आत्ता तर सांगितलं. तोंडातून निघालेला शब्द अजून हवेत असेल.

ठमाबाई : म्हणूनच म्हणते. सांगून यायचं असतं तर सकाळपासून आलं असतं. गणराज, हात थांबवू नकोस. वाल सोलता सोलता बोल.

गणराज : हे मोड आलेले वाल बोटांतून निसटतात, आजी. उजव्या हाताला अजून नीट कळत नाही काय धरलंय ते.

ठमाबाई : कळेल. बिरडं सोलून माझ्या हाताला जे कळलं ते कुठल्या डॉक्टरला कळलेलं नाही. बोल. मामंजींचं नाव घेतलंस. पुढे?

गणराज : पुढे आजोबा.

ठमाबाई : 'आजोबा' हे नाव नव्हे. संध्याकाळी पालखी दारात टेकेल, तू नारळ घेऊन पुढे होशील आणि देवीला काय सांगशील? आजोबाच्या वंशाला सुखी ठेव? प्रत्येक घरात एक आजोबा असतो.

गणराज : मला ते दिसतात गं. डोक्याला गुंडाळलेला पंचा, कानावर खोचलेली विडी. त्या विडीचा वाससुद्धा येतो. नाव तेवढं नाही. ओठांवर आलंय असंही नाही. दात पडल्यावर हिरडीत जागा राहते ना, जीभ सारखी तिथेच जाते, तसं आहे.

सुचिता : भिंतीवर फोटो आहे बघ त्यांचा. खाली नाव छापलंय. जा, वाचून ये.

गणराज : सकाळी तेच केलं. वाचलं, इथपर्यंत आलो, पाटावर बसलो आणि गेलं.

सुचिता : मग हातावर लिहू.

गणराज : दोन्ही हातांत नारळ असतो.

सुचिता : मग मीच म्हणते गाऱ्हाणं.

ठमाबाई : म्हण की. आधी नवऱ्याला अंगणभर 'ए गणराज, ए गणराज' अशी हाक मारणं थांबव, मग देवीशी बोल. कोंबड्यांना दाणे टाकताना सुद्धा मी याहून अदबीने हाक मारते.

सुचिता : आजी, हॉस्पिटलात 'अहो' म्हणून हाक मारली असती तर वॉर्डातले सगळे नवरे वळून बघायला लागले असते. आणि ज्याला बघायला हवं होतं तो तेवढा छताकडे बघत पडला असता.

ठमाबाई : तुझ्याकडे उत्तर तयारच असतं. बोर्लीला तू कामाला जातेस त्या औषधाच्या दुकानात गोळ्यांबरोबर जिभाही विकायला ठेवतात की काय?

गणराज : आजी, ऐक माझं. स्वप्निल म्हणाला तसं करूया. तो उभा राहील आपल्या अंगणात.

ठमाबाई : स्वप्निल तुझा चुलत भाऊ. त्याचे पणजोबा आणि तुझे पणजोबा एकच, इथपर्यंत बरोबर. मधला माणूस निराळा. या घराचा पुरुष जिवंत असताना या अंगणात दुसऱ्याच्या आजोबाचं नाव घेतलं जाणार?

गणराज : त्याला नाव अडत नाही. मला अडतं. आणि नाव अडलं की त्या दारी नारळ फुटत नाही, पालखी उचलतात आणि पुढच्या घरी जातात. हे तूच शिकवलंस मला.

ठमाबाई : शिकवलं. मग?

गणराज : मग उद्या सकाळी बोर्लीच्या बाजारात सगळ्यांच्या तोंडी एकच. धर्माच्या पोराच्या डोक्यावर परिणाम झालाय म्हणत होते ते खरं निघालं. आता निदान शंका आहे. उभा राहिलो आणि अडलो तर खात्री होईल.

ठमाबाई : आणि उभाच राहिला नाहीस तर काय होईल? तीच खात्री होईल. सुचिता, काल मुंबईच्या त्या बोलणं शिकवणाऱ्या बाई काय म्हणाल्या ते मला नीट सांग. काल तुम्ही दमून आलात म्हणून मी विचारलं नाही.

सुचिता : त्या म्हणाल्या, श्रावणातला तो ताप गेला. विषाणूही गेला. रिपोर्टमध्ये आता त्याचा मागमूस नाही. पण मेंदूला सूज आली होती ती ज्या जागी होती, तिथे नुकसान करून गेली. त्याची नेमकी नावांवर धाड पडलीय. वस्तूंची नावं बरीचशी परत आली, माणसांची राहिलीत.

ठमाबाई : वस्तूंची आली हे खरं. तेव्हा ताप उतरला म्हणून मी मऊ भात केला होता, आणि हा केरसुणीला छत्री म्हणाला. मला वाटलं थट्टा करतोय. मी रागावलेसुद्धा.

गणराज : मला आठवत नाही ते.

ठमाबाई : नको आठवूस. पुढे फिट आली, तेही नको आठवूस. पुढे सांग गं.

सुचिता : म्हणाल्या, थकवा राहील. मोठा आवाज सोसणार नाही. आणि काही नावं परत येतील, काही येणार नाहीत. कुठली येतील हे त्यांनाही सांगता येत नाही.

ठमाबाई : एवढं शिकून एवढंच?

सुचिता : खरं बोलल्या, आजी. बाकीचे 'होईल, होईल' म्हणत होते.

गणराज : कामावर फारसं अडत नाही तसं. न्हावा शेव्याला यार्डात कंटेनरचे आकडे लागतात. आकडे सगळे येतात, एक चुकत नाही. ड्रायव्हरांची नावं येत नाहीत, तर सगळ्यांना शेठ म्हणतो. सगळे खूश. एक तर आता मला रोज चहा पाजतो.

ठमाबाई : देवीला शेठ म्हणून चालणार नाही.

सुचिता : चाललं असतं तर बरं झालं असतं.

ठमाबाई : हसू नका. गणराज, मला एक सांग. मामंजींचं नाव तुला कधीच अडलं नाही. त्यांना तर तू पाहिलंही नाहीस. ते कसं येतं?

गणराज : विहिरीवरून. सगळे म्हणतात ना, येसाजीच्या विहिरीवर चाललो, येसाजीच्या विहिरीला पाणी आलं. ते कानात आहे.

ठमाबाई : आणि तुझ्या बाबांचं?

गणराज : ते तुझ्या हाकेवरून. बाबा खालच्या खाचरात असायचे आणि तू पडवीत उभी राहून ओरडायचीस, 'धर्माऽ, जेवायला ये!' पलीकडच्या वाडीतला धर्मासुद्धा घरी जायला निघायचा. ते नाव मी आठवत नाही, आजी. ते ऐकू येतं.

ठमाबाई : आणि हिचं?

गणराज : हिचं नाव शुद्धीवर आलो तेव्हा नव्हतं. मग ही रोज सकाळी डबा ठेवताना म्हणायची, 'सुचिता आली बरं का.' आता तो डब्याचा आवाज आला की नाव येतं.

सुचिता : हे मला माहीत नव्हतं.

गणराज : कोणी विचारलं नव्हतं.

सुचिता : थांबा. थांबा जरा. आजी, म्हणजे जे नाव कोणाच्या तरी आवाजात त्याच्या कानावर पडत आलंय, ते राहतं. नुसतं वाचलेलं, पाठ केलेलं राहत नाही. मग आजोबांचं नाव या घरात कोण घ्यायचं?

ठमाबाई : कोणी नाही.

सुचिता : कोणीच नाही?

ठमाबाई : धर्मा होता तोवर 'बाबा' म्हणायचा. याची आई असेपर्यंत तिने सासऱ्यांचं नाव उच्चारलं नाही, ती वळणाची होती. गावात लहानथोर सगळे त्यांना अण्णा म्हणत.

सुचिता : आणि तुम्ही?

ठमाबाई : मी काय म्हणणार? 'अहो' म्हणायचे. 'इकडे' म्हणायचे. धर्मा झाल्यावर 'धर्माचे बाबा'.

सुचिता : म्हणजे त्या नावाला या घरात आवाजच नाही. मी घेतलं तर ते नातसुनेने पाठ करून घेतल्यासारखं होतं, ते त्याला टिकत नाही. आजी, तुम्ही घ्या. एकदा. त्याच्यासमोर.

ठमाबाई : वाल किती राहिले?

सुचिता : वालांचं राहू द्या.

ठमाबाई : राहू कसं द्यायचं? पालखीबरोबरची माणसं जेवायला असतात रात्री.

गणराज : आजी, लग्नात उखाण्यात घेतलं असशीलच ना?

ठमाबाई : उखाण्यात घेतलं ते यमक जुळवायला. ते नाव घेणं मोजत नसत ते.

गणराज : कोण मोजत नसत?

ठमाबाई : तुझे आजोबा. आणखी कोण?

सुचिता : म्हणजे ते मोजत होते?

ठमाबाई : तू औषधाच्या दुकानात आहेस की पोलिसात? बरं, ऐका. पण हात चालू ठेवा. मलाही असा ताप आला होता. लग्न होऊन या घरात आले, त्याच पावसाळ्यात.

गणराज : तुला?

ठमाबाई : मला. गावात बऱ्याच जणांना आला. आम्हाला विषाणू वगैरे कोणी सांगितलं नाही. आम्ही म्हणालो, साथ आलीय. ताप उतरला आणि माझं तोंड एका बाजूला ओढलं गेलं. बोलणं गेलं. आणि कोणी 'ठमा' म्हणून हाक मारली तर मला वाटायचं, शेजारच्या कुणाला तरी बोलावताहेत. मी आपली मान फिरवून बघायची, ही ठमा कोण.

सुचिता : आजी! आम्हाला कधी बोलला नाहीत!

ठमाबाई : बोलण्यासारखं काय त्यात? ताप आला, गेला. सासूबाई म्हणाल्या, ही सून कामातून गेली, हिला माहेरी पोचती करा. तेव्हा तुझे आजोबा आईला उलट बोलले नाहीत. ते कुणालाच उलट बोलत नसत. फक्त संध्याकाळी शेतावरून आले की पडवीच्या पायरीवर बसायचे आणि मला हाक मारायचे. 'ठमे. ए ठमे.' वाटेवरून जाणाऱ्याला ऐकू जाईल अशी.

गणराज : रोज?

ठमाबाई : रोज. तेव्हा नवऱ्याने बायकोला नावाने हाक मारायची म्हणजे काय ते तुम्हाला नाही कळायचं. दिवसाउजेडी बायकोचं नाव! विहिरीवर बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. म्हणायच्या, 'हा बायकोच्या नावाची माळ ओढतोय.' पुरुष तर त्यांच्या तोंडावर म्हणायचे. त्यांनी हाक सोडली नाही. आणि एका संध्याकाळी मी ओ दिली.

सुचिता : ओ दिली...

ठमाबाई : ओ दिली म्हणजे बरी झाले. अगदी पूर्ण नाही. चेहऱ्याची डावी बाजू परत यायची ती आलीच नाही. आजही हसले की उजवीच बाजू हसते.

सुचिता : म्हणून तुम्ही हसत नाही? मला वाटायचं तुम्ही कडक आहात.

ठमाबाई : कडक आहेच. पण चेहऱ्याने मदत केली. एवढी वर्षं गावची बालवाडी चालवली, एकाही पोराला फटका मारावा लागला नाही.

गणराज : आणि मोजणं कसलं?

ठमाबाई : मी बोलायला लागले तेव्हा म्हणाले, 'ठमे, हे उसनं दिलंय हं. एकदा तू माझं नाव घे, म्हणजे फिटलं.' मी म्हटलं, घेईन. पण सासूबाई होत्या. सासूबाई गेल्या तर थोरले दीर होते. मग मुलं झाली. मग बालवाडी आली. बाईंनीच नवऱ्याचं नाव घेतलं तर पोरांना काय वळण लागणार? ते अधूनमधून आठवण करायचे, चेष्टेत. चतुर्थीला मोदक वाढला की विचारायचे, 'आणि उसनं?' शेवटच्या दुखण्यातही विचारलं. 'ठमे, उसनं?'

गणराज : मग?

ठमाबाई : खोली माणसांनी भरली होती.

गणराज : मग?

ठमाबाई : मग काही नाही. मी त्यांना पाणी पाजलं.

सुचिता : आजी, आता घ्या. इथे आपण तिघंच आहोत. दार ओढून घेते हवं तर.

ठमाबाई : दार कशाला ओढतेस? चोरी करायची आहे?

सुचिता : तसं नव्हे...

ठमाबाई : झालं बोलून. ते वाल आत ने आणि धुऊन ठेव. रांगोळी काढायची राहिलीय. गणराज, तू जरा पड. डोळे लाल दिसताहेत तुझे.

गणराज : मी आडवा होतो. पण आजी, स्वप्निलला नको सांगूस. मी उभा राहतो.

ठमाबाई : आत्ता तर नको म्हणत होतास.

गणराज : तू बोलणं गेलेलं असताना पडवीत बसत होतीस ना, सगळ्यांना दिसेल अशी? मग मीही अंगणात उभा राहतो. अडलो तर अडलो. पालखी काय, पुढच्या वर्षी परत येते.

(संध्याकाळ. ढोल वाजत वाजत अंगणात येतो. रांगोळीवर पालखी टेकलेली, भोवती गावकरी. गणराज ओंजळीत नारळ धरून पालखीपुढे. ठमाबाई आणि सुचिता मागे दारात.)

गुरव : ढोल थांबवा रे! गणराज, घे गाऱ्हाणं. दमानं घे.

गणराज : आई, वर्षाची तू दारात आलीस.

गावकरी : होय महाराजा!

गणराज : या घराचा मूळपुरुष येसाजी. त्याने या मातीत पहिला नांगर घातला, तो तुझं नाव घेऊन घातला.

गावकरी : होय महाराजा!

गणराज : येसाजीचा... येसाजीचा...

गुरव : व्हय, येसाजीचा. पुढं?

गणराज : येसाजीचा...

स्वप्निल : गुरवकाका, मी सांगू का? एकच नाव राहिलंय.

गुरव : गप रे. मागनं कुणी सांगायचं न्हाय. रीत म्हंजे रीत. नाव ज्याचं त्यानंच काढायचं.

गणराज : काढतो. तो ढोल तेवढा थांबवा.

गुरव : ढोल कवाच थांबलाय, बाबा.

गणराज : माझ्या डोक्यात नाही थांबला.

गुरव : ठमाबाई, काय करू वो? पोराला तरास हाय त्यो आमाला पण दिसतोय. पण रात सरायच्या आत पुढली घरं गाठायची हायती. पालखी उचलू?

ठमाबाई : मोरू!

गुरव : आँ?

ठमाबाई : मोरू! अहो मोरू! पालखी दारात आलीय. आत काय करताय? बाहेर या!

गुरव : ठमाबाई, मागनं सांगायचं न्हाय, आत्ताच बोललो ना मी!

ठमाबाई : मी नातवाला काही सांगितलं? मी त्याच्याकडे पाहिलं तरी का? मी माझ्या नवऱ्याला हाक मारली. माझ्या दारात उभी राहून मारली. पालखी आल्यावर बायकोने नवऱ्याला हाक मारू नये अशी रीत असेल तर ती मला सांग.

गुरव : तशी न्हाय, पण...

ठमाबाई : बालवाडीत नाक पुसायला माझ्या पदराशी यायचास तेव्हा हा 'पण' नव्हता तुझ्याकडे. गप्प उभा राहा. मोरू! ऐकू येतंय का? मोरूऽ!

गणराज : येसाजीचा मोरू.

ठमाबाई : गावाला काय झालं? ओ द्या.

गावकरी : होय महाराजा!

गणराज : मोरूचा धर्मा.

गावकरी : होय महाराजा!

गणराज : धर्माचा मी, गणराज. तापातून वाचलो. काही गेलं, काही राहिलं. जे राहिलं ते घेऊन तुझ्यापुढे उभा आहे. सांभाळून घे.

गावकरी : होय महाराजा!

गुरव : फोड नारळ, गणराज. फोड. आन् ठमाबाई, तुमच्या पाया पडतो. तेवढं बालवाडीचं नका काढत जाऊ चारचौघांत.

सुचिता : गेली पालखी. आजी, बसा बघू. पाणी आणते.

ठमाबाई : मला काय झालंय?

सुचिता : केवढ्याने ओरडलात! दुपारी आम्ही दोघंच होतो तेव्हा नाही म्हणालात, आणि आता सगळ्या गावासमोर!

ठमाबाई : दुपारी घेतलं असतं तर ते फिटलं नसतं. शेजारणीकडून पायलीभर तांदूळ आणलेस तर वाटीभर परत देशील का? त्यांनी माझं नाव वाटेवरच्या माणसांच्या देखत घेतलं. लोक हसले, तरी घेतलं. मी दार ओढून खोलीत कुजबुजले असते तर ते मापात कमी पडलं असतं.

सुचिता : आज कोणी हसलं नाही.

ठमाबाई : तेवढं काळाने सोपं केलं. त्याला माझा इलाज नाही.

सुचिता : पण फिटलं ना?

ठमाबाई : फिटलं. पूर्ण फिटलं.

गणराज : आजी, नाव अजून आहे. मोरू. तुझ्याच आवाजात वाजतंय, बाबांचं वाजतं तसं. पण सकाळी उठलो आणि नसलं तर?

सुचिता : अगंबाई, आजी, तुम्ही हसताय!

ठमाबाई : एका बाजूने. गणराज, नसलं तर मला सांग, पुन्हा हाक मारीन. आता ते उसनं राहिलेलं नाही. आता माझी हौस.